प्रवासी तपासणी, विमानतळावरील

विमानाने प्रवास करणाऱ्या व्यक्तीची, तिच्या सामानाची व तिच्याजवळील कागदपत्रांची विमानतळावर अधिकृत यंत्रणेकडून केली जाणारी पाहणी. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : सुरक्षा तपासणी व आप्रवासन तपासणी. विमानात शस्त्रे, स्फोटके वा अन्य घातक वस्तू नेल्या जाऊ नयेत, हा सुरक्षा तपासणीचा हेतू असतो. तर देशात येणारी वा देशाबाहेर जाणारी व्यक्ती कोण आहे व सीमा ओलांडण्याचा तिला अधिकार आहे किंवा नाही, हे आप्रवासन तपासणीत ठरविले जाते. यांखेरीज परदेशी प्रवासात सीमाशुल्क खात्याची आणि काही वेळा आरोग्य, वनस्पती व प्राणी यांविषयीची तपासणीही होते.

या दोन प्रकारांच्या स्वरूपात मूलभूत फरक आहे. प्रवाशाजवळ काय आहे, एवढाच पहिलीचा प्रश्न असल्यामुळे तत्त्वतः ती सर्व प्रवाशांना सारखीच लागू होते. दुसरीचा प्रश्न प्रवाशाच्या राष्ट्रीयत्वाविषयी असल्यामुळे ती सर्वांना सारखी असू शकत नाही; एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन प्रवाशांपैकी एक अर्ध्या मिनिटात पुढे जातो, तर दुसऱ्यास तासभर चौकशीस तोंड द्यावे लागते. नागपूर शहरातील जरीपटका या सिंधी निर्वासितांच्या वस्तीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याचे विवेचन पुढे स्वतंत्रपणे केले आहे.

इतिहास : सीमेवर परकीयांची कागदपत्रे पाहण्याची पद्धत विमान-प्रवासापेक्षा जुनी असून ती प्रथम बंदरांत रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश वसाहतींमध्ये आशियाई लोकांचे येणे रोखण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. महात्मा गांधी व त्यांच्यासोबतचे हिंदी प्रवासी ज्या जहाजाने दरबानला पोहोचले, ते ‘कूरलँड’ व त्याच सुमारास आलेले ‘नादरी’ ही दोन्ही जहाजे १८ डिसेंबर १८९६ पासून १३ जानेवारी १८९७ पर्यंत रोगप्रतिबंधाचे कारण देऊन बंदराबाहेर अडवून ठेवण्यात आली. त्याच वर्षी नाताळ वसाहतीने केलेल्या कायद्यान्वये येणाऱ्याला एखाद्या यूरोपीय भाषेत अर्ज लिहिता येणे आवश्यक ठरले. कायद्याच्या शब्दांत वंशाचा उल्लेख नव्हता. परंतु परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती तो निर्णय आपोआपच आला. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशाहून विनाखंड प्रवास करून येण्याची अट घातली. त्या वेळी हिंदुस्थानाहून तसा प्रवास व्यवहारतः शक्यच नव्हता. परिणामी १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी थोड्यांनाच व्हँकूव्हरमध्ये उतरू देण्यात आले आणि दोन महिन्यांनी जहाज परत फिरविण्यात आले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पारपत्राची (पासपोर्टची) सक्ती सर्वत्र झाली व युद्धानंतरही ती टिकून राहिली. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२० साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत पारपत्राचा एकसारखा नमुना सुचविण्यात आला. त्याच वर्षी भारतात प्रवेशासाठी पारपत्र आवश्यक करणारा कायदा झाला. पुढे परकीयांच्या नोंदणीचा १९३९ चा कायदा व परकीय व्यक्तींविषयीचा १९४६ चा कायदा यांची त्यात भर पडली. हे तिन्ही कायदे आणि प्रवासी-वाहकांच्या दायित्वाविषयीचा २००० सालचा कायदा रद्द करून त्यांच्या जागी संसदेने २०२५ मध्ये आप्रवासन व परकीय व्यक्तींविषयी एकच अधिनियम केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. नागरी विमान वाहतुकीसंबंधीच्या १९४४ च्या शिकागो करारातील नवव्या परिशिष्टात प्रवाशांच्या सुलभ ये-जा करण्याविषयीचे, तर १९७४ मध्ये स्वीकारलेल्या सतराव्या परिशिष्टात सुरक्षेविषयीचे आंतरराष्ट्रीय दंडक दिलेले आहेत. सुलभता व सुरक्षा या परस्परविरोधी वाटणाऱ्या गरजा एकाच करारात नांदत असल्याने त्यांचा मेळ घालण्याचे काम प्रत्येक विमानतळावर रोजच्या रोज करावे लागते.

सुरक्षा तपासणीचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत विमानात चढणे हे आगगाडीत चढण्यापेक्षा फारसे निराळे नव्हते. विमान-अपहरणांची लाट आल्यानंतर अमेरिकेने जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातसामानाची तपासणी सक्तीची केली. भारतात ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून निघालेले ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. सप्टेंबर १९७६ मध्ये आणखी एक विमान लाहोरला नेले गेल्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी एक कक्ष स्थापन झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बाँबस्फोटाने नष्ट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्या प्रवाशाच्या नावे बाँब असलेली पेटी चढविण्यात आली होती, तो स्वतः विमानात चढलाच नव्हता. त्यामुळे प्रवासी व सामान यांची जुळणी करण्याचा नियम जगभर कडक झाला आणि भारतातील वरील कक्षास १ एप्रिल १९८७ रोजी नागरी विमान सुरक्षा ब्यूरो या स्वतंत्र खात्याचे स्वरूप देण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस येणारे विमान कंदाहारला नेण्यात आल्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास २००० सालापासून जयपूर येथे आरंभ झाला. नागपूरचा विमानतळही पुढे याच दलाच्या रक्षणाखाली आला.

सुरक्षेचे बहुतेक नियम अशा रीतीने एकेका दुर्घटनेच्या वा फसलेल्या कटाच्या पाठोपाठ आलेले आहेत. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटक दडविल्यामुळे बूट काढण्याची, तर ऑगस्ट २००६ मध्ये लंडन येथे उघडकीस आलेल्या कटामुळे १०० मिलीलिटरहून अधिक द्रवपदार्थ हातसामानात न नेण्याची प्रथा पडली. नियम लागू होण्यास काही दिवस पुरतात. तो मागे घेण्यास मात्र दशके लागतात. अमेरिकेने बूट काढण्याची सर्वसाधारण सक्ती जुलै २०२५ मध्ये उठविली.

कार्यपद्धती : भारतीय विमानतळावर प्रवाशाची पहिली पाहणी प्रवेशद्वारापाशीच होते. तेथे तिकीट व ओळखपत्र पाहिले जाते. त्यानंतरची विमान कंपनीच्या खिडकीवरील पाहणी परदेशी प्रवासात वाटते त्याहून महत्त्वाची असते. वैध पारपत्र वा व्हिसा नसलेल्या प्रवाशास नेल्यास कंपनीला दंड होतो व त्यास स्वखर्चाने परत आणावे लागते. त्यामुळे परक्या देशाच्या सीमेवरील पहिला निर्णय पुष्कळदा त्या देशाचा अधिकारी न घेता नागपूर वा मुंबई येथील कंपनीचा कर्मचारीच घेत असतो.

परदेशी जाणाऱ्या प्रवाशास यानंतर आप्रवासन अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागते. पारपत्राच्या तळाशी छापलेल्या दोन ओळी यंत्राने वाचल्या जातात आणि प्रवाशाचे नाव संशयितांच्या सूचीशी ताडून पाहिले जाते. न्यायालये, पोलीस व तपास यंत्रणा यांच्या विनंतीवरून काढलेल्या ‘लुक आउट’ परिपत्रकात नाव असल्यास प्रवासास प्रतिबंध होऊ शकतो. दहावी उत्तीर्ण न झालेल्या व आखाती देशांसह ठरावीक देशांत कामासाठी जाणाऱ्या व्यक्तीच्या पारपत्रावर १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार विशेष शेरा असतो. अशा कामगारास उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. परदेशात त्याची फसवणूक होऊ नये, हा या तरतुदीचा उद्देश असला, तरी शिकलेल्याला न विचारला जाणारा प्रश्न कमी शिकलेल्याला विचारला जातो, असाही तिचा अर्थ होतो. पूर्वी भारतीय प्रवाशांना भरून द्यावा लागणारा आगमनाचा तक्ता २०१४ पासून व प्रस्थानाचा तक्ता १ जुलै २०१७ पासून बंद झाला. पूर्वनोंदणी केलेल्या भारतीय नागरिकांसाठी स्वयंचलित फाटकांची सोय जून २०२४ मध्ये दिल्ली येथे व जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली.

सुरक्षा तपासणीत हातसामान क्ष-किरण यंत्रातून जाते, प्रवासी धातुशोधक चौकटीतून जातो व नंतर हाती धरावयाच्या शोधकाने त्याची झडती घेतली जाते. स्त्रियांची झडती पडद्याआड स्त्री कर्मचारीच घेतात. हृदयगती-नियंत्रक बसविलेल्या व्यक्तीने तसे आधी सांगावे, अशी अपेक्षा असते. तान्ह्या मुलाचे दूध व आवश्यक औषधे यांना द्रवपदार्थांच्या मर्यादेतून सूट असते. विद्युत् घटमाला केवळ हातसामानात, तर चाकू-कात्री केवळ विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नेता येतात. हातसामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची भारतीय विमानतळांवरील जुनी रीत २०१७ पासून क्रमाक्रमाने बंद करण्यात आली.

प्रवाशांचे अनुभव : प्रथमच विमानाने जाणाऱ्यास तपासणीत सर्वांत अनपेक्षित वाटते ती घरगुती वस्तूंची अडवणूक. तेलात मुरलेले लोणचे द्रवपदार्थांत मोडते. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे ते ज्वालाग्राही मालात गणले जाते. ज्या घरातून मुलीला परदेशी खोबऱ्याची वाटी व लोणच्याची बरणी देण्याची रीत आहे, त्या घराला या वर्गीकरणाचे कारण कोणीही समजावून सांगत नाही. बरणी मात्र काढून ठेवली जाते. परदेशात उतरताना अडचणीचे स्वरूप बदलते. तेथे बिया, फळे, दुधाचे पदार्थ इ. लपविल्याबद्दल दंड होतो. ते आपण होऊन जाहीर केल्यास बहुधा केवळ जप्त केले जातात. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत हा नियम विशेष कडकपणे पाळला जातो.

याहून गंभीर प्रश्न शरीराच्या झडतीचा आहे. कृत्रिम पाय बसविलेल्या नर्तकी व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, प्रत्येक प्रवासात आपणास तो पाय काढून दाखवावा लागतो, अशी जाहीर तक्रार केली. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची दिलगिरी व्यक्त केली. त्यांच्यासारखी ख्याती नसलेल्या अपंग प्रवाशांचाही हाच अनुभव असल्याने त्या तक्रारीला सार्वजनिक महत्त्व आले. माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली. भारतीय नियमांनुसार माजी राष्ट्रपतींना झडतीतून सूट असल्यामुळे संसदेत संताप व्यक्त झाला व कंपनीने माफी मागितली. स्वतः कलाम यांनी मात्र झडतीस विरोध केला नव्हता. प्रतिष्ठितांना सूट असावी की सर्वांची झडती सभ्यपणे व्हावी, हा प्रश्न त्या प्रसंगाने पुढे आणला. त्याचे उत्तर अद्याप सूटपद्धतीच्याच बाजूने दिले जाते.

आप्रवासन तपासणीतील अपमानाचे एक टोकाचे उदाहरण जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर घडले. विवाहासाठी ब्रिटनमध्ये आलेल्या एका भारतीय शिक्षिकेच्या म्हणण्यावर विश्वास न ठेवता, ती अविवाहित असल्याची खात्री करून घेण्यासाठी तिची शारीरिक तपासणी करण्यात आली. ब्रिटिश वृत्तपत्रात ही बातमी प्रसिद्ध झाल्यावर भारत सरकारने तीव्र निषेध नोंदविला व ती पद्धत बंद करण्यात आली. सीमेवर उभ्या असलेल्या व्यक्तीला नकार देण्याचे स्वातंत्र्य किती थोडे असते, हे या घटनेवरून दिसून येते. व्हिसा हा प्रवेशाचा हक्क देत नाही, केवळ प्रवेश मागण्याची मुभा देतो, ही गोष्टही बहुतेक प्रवाशांना प्रथम त्या खिडकीपाशीच कळते. चौकशीसाठी बाजूला बसविलेल्या प्रवाशाला कारण क्वचितच सांगितले जाते. त्याला परत पाठविल्यास त्याने भरलेले शुल्क, घेतलेले कर्ज व गावी दिलेला निरोप यांची भरपाई होत नाही.

नागपूर व जरीपटका : नागपूर विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस सोनेगाव येथे आहे. भारताच्या मध्यभागी असल्यामुळे १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेचे ते केंद्र होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करीत. २००५ मध्ये विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले व १४ एप्रिल २००८ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्‌घाटन झाले. शारजा, दोहा या आखाती शहरांशी येथून थेट विमानसेवा सुरू झाल्यामुळे, तसेच हज यात्रेकरूंचे हे प्रस्थान-केंद्र असल्यामुळे, आप्रवासन तपासणी विदर्भातील प्रवाशांच्या दाराशी आली. तोपर्यंत त्यांना तिच्यासाठी मुंबई वा दिल्ली गाठावी लागे.

मराठ्यांच्या जरीच्या ध्वजाचे नाव धारण करणारी जरीपटका ही उत्तर नागपुरातील वस्ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांमुळे भरभराटीस आली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत झालेल्या दंगलीनंतर सिंधमधील हिंदूंचे स्थलांतर वाढले. त्यांपैकी पुष्कळ जण मुंबई, उल्हासनगर, पुणे येथे व काही त्या वेळच्या मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात स्थायिक झाले. या पिढीसाठी सीमा ही आधी एक तारीख होती. भारत सरकारने १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना आवश्यक केला आणि हीच तारीख संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात आली. तिच्यापूर्वी येऊन भारतात राहिलेले नागरिक मानले गेले. तिच्या दिवशी वा नंतर आलेल्यांना अर्ज करून नोंदणी करून घ्यावी लागली. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पारपत्राची पद्धत सुरू झाल्यावर सिंधमध्ये राहिलेले नातलग कायद्याच्या दृष्टीने परदेशी प्रवासी झाले.

तरीही येणे थांबले नाही. सक्कर, शिकारपूर, लारकाना, जेकबाबाद इ. भागांतील हिंदू कुटुंबे पुढील दशकांतही पाकिस्तानी पारपत्रावर व मर्यादित मुदतीच्या व्हिसावर भारतात आली. समझोता एक्सप्रेस ही गाडी १९७६ पासून व थर एक्सप्रेस २००६ पासून हा प्रवास घडवून आणीत; दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झाल्या. नागपुरात अशी कुटुंबे मुख्यतः जरीपटका व खामला या वस्त्यांत राहतात. २०२५ मध्ये नागपुरातील पाकिस्तानी नागरिकांची संख्या दोन हजारांहून अधिक असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

या प्रवाशांची तपासणी सीमेवर संपत नसे. त्यांच्या व्हिसावर ज्या शहरांची नावे लिहिलेली असत, त्यांखेरीज अन्यत्र जाण्यास मनाई होती. आल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागे, निघण्यापूर्वी पुन्हा कळवावे लागे आणि ज्या चौकीतून प्रवेश केला तेथूनच परत जावे लागे. इतर परदेशी प्रवाशाच्या बाबतीत विमानतळाच्या एका खिडकीत आटोपणारी पाहणी यांच्या बाबतीत पोलीस आयुक्तालयातील परकीय नोंदणी शाखेत वर्षानुवर्षे चालू राहते. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाल्यावर भाड्याची खोली, मुलाचा शाळाप्रवेश, बँकेतील खाते या प्रत्येक ठिकाणी त्याच प्रश्नाची पुनरावृत्ती होत असे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तान, बांगला देश व अफगाणिस्तान येथील अल्पसंख्याकांना बँकखाते, वाहनचालक परवाना, स्वतःच्या वापरासाठी घराची खरेदी, वास्तव्याच्या राज्यात मोकळेपणाने फिरणे इ. सवलती दिल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नागपूरसह निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार देण्यात आले. त्यामुळे दिल्लीतून होणारा निर्णय नागपुरातच होऊ लागला.

नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये वरील तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना बेकायदेशीर स्थलांतरित न मानण्याचे ठरले व देशीयकरणासाठी लागणारा वास्तव्याचा काळ कमी करण्यात आला. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. मुदत संपलेली कागदपत्रेही त्यांनुसार पुरावा म्हणून चालतात. पाकिस्तानी पारपत्राची मुदत संपली व त्याचे नूतनीकरण झाले नाही, या कारणावरून ज्यांचे अर्ज अडून राहिले होते, त्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची ठरली. धर्माच्या आधारे भेद केल्याबद्दल या अधिनियमावर टीका झाली असून त्याच्या घटनात्मक वैधतेस आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द करण्यात आले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र वैध राहिले. अल्प मुदतीच्या व्हिसावर नातेवाइकांकडे आलेल्यांना काही दिवसांत परतावे लागले. एकाच घरात एकाला राहता येणार व दुसऱ्याला जावे लागणार, हे त्यांच्या पारपत्रातील व्हिसाच्या प्रकारावरून ठरले.

अशा वस्तीत एका कुटुंबातही कायद्याने निरनिराळे ठरणारे प्रवासी असू शकतात. १९४८ च्या प्रारंभी आलेली आजी जन्माने सिंधची असली, तरी संविधानाने नागरिक ठरते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आलेला तिचा भाचा दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघेही पाकिस्तानी नागरिक असतील, तर नागपुरात जन्मूनही ते मूल केवळ जन्माने भारतीय नागरिक होत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातवाला भारतात येण्यासाठी अर्ज करताना, आई-वडील वा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते काय, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. तसे असल्यास त्याला ई-व्हिसाऐवजी नेहमीचा व्हिसा घ्यावा लागतो व परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणीही मिळत नाही. फाळणीपूर्वीच्या सिंधमध्ये जन्मणे आणि पाकिस्तानचे नागरिक असणे यांत कायद्याने अंतर आहे. परंतु ते अंतर सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. म्हणून जरीपटक्यातील अनेक घरांत निर्वासित नोंदणीचे दाखले, रेशनपत्रिका व जुनी पारपत्रे दागिन्यांइतक्याच काळजीने जपून ठेवली जातात.

प्रवाशांचे हक्क व मर्यादा : परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हा भारतीय संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मान्य केले. त्यानंतर त्याच वर्षी पारपत्रविषयक अधिनियम करण्यात आला. मेनका गांधी यांचे पारपत्र जप्त केल्याच्या खटल्यात (१९७८) न्यायालयाने, असे स्वातंत्र्य हिरावण्याची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये, कर्जदाराविरुद्ध ‘लुक आउट’ परिपत्रक काढण्याची विनंती करण्याचा सरकारी बँकांच्या प्रमुखांना दिलेला अधिकार बेकायदेशीर ठरवून अशी परिपत्रके रद्द केली. विमानतळावर अडविले जाईपर्यंत अशा परिपत्रकाची प्रवाशाला सहसा माहितीच नसते, ही या क्षेत्रातील मोठी उणीव आहे.

या हक्कांना मर्यादाही आहेत. परक्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क कोणासही नसतो, आणि स्वतःच्या देशात प्रवेशाचा हक्क केवळ नागरिकास असतो. चेहरा व बोटांचे ठसे यांवरून ओळख पटविणाऱ्या नव्या यंत्रांमुळे रांगा लहान होत आहेत. मात्र अशा माहितीचा साठा कोणाकडे व किती काळ राहावा, हा प्रश्न त्यांबरोबरच उभा राहिला आहे. यंत्राला तपासता येते ती केवळ ओळख : समोरचा चेहरा व पारपत्रावरील छायाचित्र एकाच व्यक्तीचे आहे, एवढे ते सांगू शकते. त्या व्यक्तीला कोणत्या देशाने आपली म्हणावे, हा निर्णय संसद, न्यायालये व जिल्हाधिकारी यांच्याकडेच राहतो. तो होईपर्यंत जरीपटक्यातील कित्येक रहिवाशांना सोनेगावहून देशांतर्गत विमानात बसताना सुरक्षा तपासणीत इतरांसारखीच वागणूक मिळते. परदेशी प्रस्थानाच्या खिडकीपाशी मात्र त्यांच्या हातात दुसऱ्या देशाचे पारपत्र असते.